पुण्यात बी.कॉम.ची दोन वर्षं झाली, आता अमळनेरला परत आलोय. तिसरं वर्ष इकडे कुठल्या कॉलेजात करू?

आधी कॉलेज नाही, क्रेडिट (पास केलेल्या विषयांचे श्रेयांक) बघा. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात (डिजिलॉकरवरून उघडतं) तुमची चारही सत्रं दिसतात का ते तपासा. तिथे फक्त २०२१-२२ पासूनचीच क्रेडिट जमा होतात आणि ती साधारण ७ वर्षं चालतात. त्याआधीची असतील तर सगळी भिस्त मार्कशीटवर.

खरा अडसर अभ्यासक्रमाचा. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे आपल्या उमविकडे (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आताचं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ), म्हणून अमळनेरजवळचं घ्या की धुळ्यातलं एखादं, साध्या संलग्न कॉलेजात पेपर सारखेच. अमळनेरचं प्रताप कॉलेज आणि जळगावचं एम.जे. मात्र स्वायत्त, त्यांचा अभ्यासक्रम वेगळा ताडून बघावा लागेल. दोन्हीकडचे विषय शेजारी मांडून विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून लेखी घ्या. काउंटरवरच्या "होऊन जाईल हो" वर जाऊ नका. मी गेलो होतो. राहिलेले दोन पेपर ऐन परीक्षेच्या तोंडावर कळले.

टी.सी. आणि मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) पुण्याहून आत्ताच मागवा, वेळ तिथेच जातो. शेतीचं किंवा दुकानाचं बघत शिकायचं असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातही विचारा, पण किती क्रेडिट धरणार ते फी भरायच्या आधी.