युद्धानंतरचं घर : मायलेकींचे प्रश्न

या वेळची पत्रं युद्धातून वाचून आलेल्या मायलेकींची आहेत. काही आयांनी लिहिली आहेत, काही लेकींनी. पत्रं थोडक्यात देत आहोत.

प्रश्न : युद्ध संपून अकरा वर्षं झाली. आई आता पंचावन्न वर्षांची आहे. आठवड्यातून तीन-चार रात्री ती किंचाळत उठते. मी खांदा धरून हलवलं की माझ्यावरच हात उगारते, मग ओळख पटली की रडते. मी काय करू?

उत्तर : आधी हलवणं बंद करा. स्वप्नाच्या ऐन भरात खांद्यावर पडलेला हात तिला स्वप्नातलाच वाटतो. ती त्या हाताला मारते, तुम्हाला नाही. मंद दिवा लावा, पलंगाच्या पायथ्याशी तिचा हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभ्या राहा आणि नेहमीच्या आवाजात बोला : ‘आई, मी आहे. तू आपल्या घरी आहेस. आज मंगळवार आहे. दाराला कडी आहे.’ हीच चार वाक्यं, याच क्रमानं, दर वेळी. काही आठवड्यांनी अर्धवट झोपेतही तिला हे शब्द ओळखीचे वाटू लागतात, म्हणून वाराचं नाव सोडलं तर ते बदलू नका.

डोळे उघडले की तिला बसवा, दोन्ही तळपाय थंड फरशीवर टेकवायला सांगा, पाणी द्या. खोलीतल्या दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा, मग हाताला लागणाऱ्या चार, मग कानावर येणारे तीन आवाज. डोळे मिटायला सांगू नका, मिटले की स्वप्न परत येतं. श्वास नाकानं चार आकडे मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. इथे हमखास चूक होते. ‘मोठा श्वास घे’ म्हटलं की माणूस भराभर मोठे श्वास घेतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि आता जीव जाणार असं वाटून भीती दुप्पट होते. भर श्वास सावकाश सोडण्यावर हवा.

खरं काम मात्र दिवसा करायचं. आईनं सकाळी एखादं स्वप्न लिहून काढावं, सगळ्यात भयंकर नव्हे, मधलं निवडावं. मग ते तिला हवं तसं बदलावं. दार उघडतं आणि आत शेजारीण येते, असंही चालेल. बदललेलं स्वप्न रोज दहा ते वीस मिनिटं मनात चालवून पाहावं. हे काही आठवडे नेमानं केलं तर पुष्कळांची स्वप्नं विरळ होतात. लिहिताना ती थरथरू लागली किंवा आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं, तर थांबा आणि पुढचं मानसोपचारतज्ज्ञासोबतच करा.

आणखी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. ती जोरात घोरते, मध्येच श्वास अडकतो, असं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, कारण श्वास अडकण्यानं दुःस्वप्नं वाढतात. गाढ झोपेतच लाथा मारते, पलंगावरून पडते, असं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. तो आजार वेगळा असू शकतो. आईच्या वयात सगळंच युद्धाच्या खात्यावर टाकलं तर असं काहीतरी सुटून जातं.

प्रश्न : आईला झोपेची गोळी सुरू करावी का?

उत्तर : डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या पहिल्या रात्री बरं वाटायला लावतात, पण काही आठवड्यांतच सवय लागते आणि मूळ त्रास जिथल्या तिथे राहतो. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासावर त्या देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2013 पासूनचा सल्ला आहे. ती आधीपासून घेत असेल तर एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरच डोस हळूहळू उतरवतील. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं वेगळ्या जातीची आहेत. त्यांचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, आणि दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून ती सोडणारे फार आहेत. गोळ्यांचा डबा कुलपात ठेवा. आई मरणाची भाषा बोलत असेल तर तिला थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. दोन वर्षं कोरडी झोपणारी पोर आता रोज अंथरूण ओलं करते. दिवसभर ठोकळ्यांची घरं रचते आणि ‘बॉम्ब’ म्हणत पाडते. खेळ बंद करू का? आणि विमान गेलं की मीच दचकते, ते तिच्यापासून लपवू का?

उत्तर : खेळ बंद करू नका. जे बोलता येत नाही ते ती ठोकळ्यांनी सांगते आहे. शेजारी जमिनीवर बसा आणि बघा. आठवडाभरानं घर पडल्यावर विचारा : ‘आता कोण येतं?’ रुग्णवाहिका, आजी, विटा उचलणारा माणूस, ती म्हणेल तो येऊ द्या. खेळाचा शेवट बदलू लागला, खेळून झाल्यावर ती मोकळी दिसली, तर गाडी रुळावर आहे. घर त्याच जागी, त्याच शब्दांनी, आठवडेच्या आठवडे पडत राहिलं आणि प्रत्येक खेळानंतर ती अधिकच ताठरली, तर बालमानसतज्ज्ञ गाठा. अशा वेळी नुसतं खेळू देणं पुरत नाही.

अंथरुणासाठी आधी लघवीची तपासणी करा आणि बद्धकोष्ठ आहे का ते पाहा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, ही गोष्ट बरेचदा लक्षातच येत नाही. तहान एकाएकी वाढली असेल तर साखर लगेच तपासा. पाणी दिवसा भरपूर द्या, झोपायच्या आधीच्या तासाभरात कमी. झोपण्यापूर्वी अर्ध्या तासाच्या अंतरानं दोनदा लघवीला न्या. गादी अशी घाला : रबरी कापड, त्यावर चादर, पुन्हा रबरी कापड, पुन्हा चादर. रात्री ओलं झालं की वरचे दोन थर ओढून काढायचे, खाली कोरडं अंथरूण तयारच असतं. दिवा न लावता, एक शब्दही न बोलता, दोन मिनिटांत काम होतं. तिला लाज वाटू नये यासाठी या दोन मिनिटांचं मोल फार आहे.

आता तुमचं दचकणं. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषकांनी बालगृहं चालवली होती. त्यांना दिसलं, की बॉम्बवर्षावात मुलं बऱ्याच अंशी आईच्या चेहऱ्यावरून घाबरतात किंवा सावरतात, आणि आईपासून तोडलं जाणं त्यांना बॉम्बपेक्षाही जड जातं. म्हणून धीराचं सोंग आणा असं नाही. सोंग मुलं ओळखतात, आणि आई लपवते आहे म्हणजे काहीतरी भयंकर असणार असं धरून चालतात. सरळ सांगा : ‘विमानाच्या आवाजानं आई दचकली. तुझ्यामुळे नाही. आता मी पाणी पिते आणि दहा श्वास मोजते.’ आणि तिच्यासमोरच मोजा. भीती येते आणि उतरते, हे तिला डोळ्यांनी दिसू द्या. तुमचं सांत्वन करण्याचं काम मात्र तिच्यावर येऊ देऊ नका. ते मोठ्या माणसाकडून घ्या, बहीण असो, मैत्रीण असो.

प्रश्न : आई उशीखाली पावाचे तुकडे लपवते. बुरशी येते, मुंग्या होतात. मी फेकले की दोन दिवस बोलत नाही.

उत्तर : तिच्या मागे फेकू नका, हे पहिलं. उपासमार पाहिलेल्या माणसाला तो तुकडा म्हणजे उद्याची खात्री असते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा आणा आणि तिच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा. त्यात पूर्ण वाळलेली, टिकणारी बिस्किटं आणि टोस्ट भरा. अर्धवट ओलसर पावालाच बुरशी येते. डब्यावर तारीख लिहा आणि महिन्यातून एकदा दोघी मिळून जुनं काढून नवं भरा. डबा कधीही रिकामा दिसता कामा नये. उशीखालचा साठा बहुतेक वेळा आपोआप कमी होतो. समजा एखादा तुकडा राहिलाच, तर राहू द्या.

प्रश्न : नवरा युद्धात बेपत्ता झाला. आठ वर्षांच्या मुलीला मी सांगत आले, ‘बाबा कामाला गेलेत.’ आता ती रोज विचारते. काय सांगू? आणि शोध कसा घ्यायचा?

उत्तर : तुम्हाला खरं माहीत आहे तेवढंच सांगा : ‘बाबा कुठे आहेत ते आईला माहीत नाही. आपण शोधतोय. कळलं की सगळ्यात आधी तुला सांगेन. मी आधी वेगळं सांगितलं, कारण तुला दुःख होऊ नये असं मला वाटत होतं.’ कामाला गेलेला बाप फोन करत नाही, याचा अर्थ मूल एकच लावतं : मी नकोशी आहे. हा अर्थ न कळण्याच्या दुःखापेक्षा वाईट. ‘येतील’ असा शब्द देऊ नका आणि ‘गेले’ असंही म्हणू नका. पॉलिन बॉस या संशोधिकेनं अशा वियोगाला संदिग्ध वियोग म्हटलं आहे. त्यात ‘असतील’ आणि ‘नसतील’ दोन्ही एकाच घरात राहतात. एका दिवशी त्यांची थाळी मांडावीशी वाटली, दुसऱ्या दिवशी रडून निरोप द्यावासा वाटला, तर दोन्ही करा. त्यात खोटं काही नाही.

शोधासाठी तुम्ही राहता त्या देशातल्या रेड क्रॉस किंवा रेड क्रिसेंट संस्थेकडे अर्ज करा. हे काम विनामूल्य असतं. कोणी पैसे मागितले तर तो दलाल समजा. रेड क्रॉसच्या जिनिव्हातल्या मध्यवर्ती शोधसंस्थेचं काम 1914 पासून चालत आलं आहे. बेपत्ता आप्ताचं काय झालं हे जाणून घेण्याचा कुटुंबाचा हक्क युद्धाच्या नियमांविषयीच्या जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पूरक शिष्टाचारात मान्य झाला आहे. तेव्हा तुम्ही कोणाकडे उपकार मागत नाही आहात.

एका वहीत लिहून काढा : पूर्ण नाव आणि ते ज्या-ज्या प्रकारे लिहिलं जातं ते सगळे प्रकार, आईवडिलांची नावं, जन्मतारीख, शेवटचं दिसल्याची तारीख आणि जागा, सोबत कोण होतं, अंगावरचे कपडे, जुनं मोडलेलं हाड, पडलेले किंवा भरलेले दात. प्रत्येक कार्यालयात याच वहीतून सांगा. एकीकडे एक जन्मतारीख आणि दुसरीकडे दुसरी, अशानं नोंदी जुळत नाहीत. पत्ता किंवा फोन बदलला की त्याच आठवड्यात कळवा, कारण उत्तर येतं आणि माणूस सापडत नाही असंही घडतं. डीएनएसाठी त्यांचे आईवडील आणि मुलगी यांचे नमुने उपयोगी. तुमचं त्यांच्याशी रक्ताचं नातं नाही, तरी मुलीच्या नमुन्यासोबत तुमचाही द्या, म्हणजे तिच्यातला बापाचा वाटा वेगळा काढता येतो. त्यांचा दात घासायचा ब्रश किंवा दाढीचं पातं उरलं असेल तर कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये दमट राहून नमुना खराब होतो. मुलीचा नमुना म्हणजे बहुधा गालाच्या आतून फिरवलेला कापूस. दुखत नाही, पण तो कशासाठी ते तिला आधी सांगा.

प्रश्न : नव्या देशाची भाषा मला येत नाही. डॉक्टरांकडे माझी बारा वर्षांची लेक दुभाषी म्हणून येते. चालेल ना?

उत्तर : नको. युद्धात तुमच्यावर काय गुदरलं ते लेकीच्या तोंडून डॉक्टरांना सांगायची वेळ आली की तुम्ही अर्धं गाळाल, आणि उरलेलं अर्धं तिच्या मनात घर करेल. अत्याचार झाला असेल तर तो कधीच सांगितला जात नाही, आणि उपचार चुकीच्या दुखण्यावर होतात. वेळ ठरवतानाच दुभाषी मागा, बाईच हवी असेल तर तसं सांगा. फोनवरचा दुभाषीही चालतो. दुभाषी तुमच्या गावचा किंवा विरुद्ध बाजूचा असेल आणि तुम्हाला धास्ती वाटत असेल, तर बदलून मागा. कारण सांगणं बंधनकारक नाही. त्या दिवशी लेकीला शाळेत पाठवा.