बॅकस्टेजला पहिल्यांदाच उभा राहतोयस, तर एवढं पक्कं कर

एकांकिकेच्या बॅकस्टेजला आलास, फार छान! रंगमंचाच्या परिभाषेतले सगळे शब्द आज पाठ करू नकोस. आधी दिशा. डावं-उजवं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचं. प्रेक्षकांकडची बाजू डाऊनस्टेज, मागची अपस्टेज; युरोपातले जुने रंगमंच मागे उंच होत जायचे, म्हणून 'अप'. नवखे इथेच चुकतात आणि ब्लॅकआउटमध्ये (रंगमंचावर पूर्ण अंधार असताना) खुर्ची भलत्याच विंगेजवळ, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशाजवळ, ठेवून येतात.

नेपथ्य म्हणजे सेट, रंगभूषा म्हणजे मेकअप. प्रयोग सुरू झाला की रंगमंच व्यवस्थापकाचं ऐकायचं.

प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, पहिल्या घंटेआधी स्वतः मोज, दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नकोस. आणि विंगेतून तुला प्रेक्षक दिसले, तर त्यांनाही तू दिसतोस. दोन पावलं मागे हो. प्रकाशयोजनेचं नंतर बघू.