श्रीमंत देश परदेशांना मदत देतात, त्याची तपासणी कोण करतं?

त्यांच्याच बिरादरीतले इतर देश. पॅरिसच्या ओईसीडीत (प्रामुख्याने श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य संघटना) विकास साहाय्य समिती (डॅक) आहे. तिथे साधारण ५-६ वर्षांनी प्रत्येक सभासदाची पाळी येते. परीक्षक दोन सभासद देशांचे, सोबत ओईसीडीचे कर्मचारी. आधी राजधानीत अधिकारी, खासदार, स्वयंसेवी संस्थांशी बोलणं. मग ज्या देशात पैसा जातो तिथे जाऊन थेट विचारणा: रक्कम वेळेवर येते का, की ‘आमच्याच कंपनीकडून माल घ्या’ अशी मेख मारलेली असते? शेवटी समितीसमोर प्रश्नोत्तरं आणि जाहीर अहवाल.

शिक्षा मात्र काहीच नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, हे संयुक्त राष्ट्रांचं १९७० पासूनचं लक्ष्य. बहुतेक सभासद ते गाठत नाहीत. ब्रिटनने तर २०२१ मध्ये ०.७ वरून ०.५ वर उडी मारली, खालच्या दिशेने! म्हणजे दात नसलेला वाघ, पण चारचौघांत उणंदुणं निघतं याची लाज थोडीफार काम करते.

मुंबई मेट्रो ३ ला कर्ज देणारा जपानही या समितीत आहे. भारत सभासद नाही, त्यामुळे आपण भूतान-नेपाळला देतो त्या मदतीची अशी झडती होत नाही.