स्कायलॅबच्या सौरदुर्बिणींपाशी माणूस कशाला हवा होता?

तुमचे प्रश्न दोन. आपलं 'आदित्य-एल१' हे यान पंधरा लाख किलोमीटरवरून, सोबत एकही माणूस नसताना सूर्याचे फोटो पाठवतं, मग १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकावर तीन-तीन माणसं महिनोन्‌महिने सूर्याकडे बघत का बसली? आणि त्या स्थानकावर नेमक्या कोणत्या दुर्बिणी होत्या? मी गेली पंधरा वर्षं गच्चीवरून हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीतून, म्हणजे फक्त हायड्रोजन वायूचा लाल प्रकाश दाखवणाऱ्या दुर्बिणीतून, सूर्य बघतो. स्कायलॅब माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा उत्तर लांबणार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर: फिल्म.

त्या काळात सूर्याचं बारीक तपशिलाचं चित्र टिपायला फोटोग्राफिक फिल्मइतकं चांगलं दुसरं काही नव्हतं. इलेक्ट्रॉनिक संवेदक होते, पण एका फिल्मच्या चौकटीत जेवढी माहिती मावते तेवढी रेडिओवरून खाली पाठवणं त्या वेळच्या यंत्रणेला झेपणारं नव्हतं. आणि फिल्म म्हटली की ती कुणीतरी भरायला हवी, काढायला हवी, घरी आणायला हवी. दुर्बिणी स्थानकाच्या बाहेरच्या बाजूला, निर्वात अवकाशात होत्या. म्हणजे रीळ बदलायचं तर अंतराळवीराने पोशाख चढवून बाहेर पडायचं, कठड्यांना धरत दुर्बिणींच्या तोंडापर्यंत जायचं, भरलेली पेटी काढून कोरी बसवायची. एकामागून एक गेलेल्या, तीन-तीन अंतराळवीरांच्या तीन तुकड्यांनी मिळून सूर्याच्या सव्वा लाखाहून अधिक चौकटी टिपल्या. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक चौकटीमागे असं कुणाचं तरी बाहेर जाणं आहे.

आता उपकरणांबद्दल. या सगळ्या संचाचं नाव अपोलो टेलिस्कोप माउंट, संक्षेपात एटीएम. नासाने १९६५ साली एक मोठा मानवविरहित सौर उपग्रह रद्द केला, त्याच्यासाठी आखलेल्या प्रयोगांतून ही कल्पना पुढे आली. मधल्या काळात ती चंद्रावर उतरणाऱ्या अपोलो यानाच्या ढाच्यावर बसवायचं चाललं होतं, म्हणून नावात 'अपोलो'. शेवटी हंट्सव्हिलच्या मार्शल केंद्रात बांधलेला हा सुमारे ११ टनांचा संच स्कायलॅबला जोडला गेला. त्यात आठ उपकरणं होती.

त्यातली दोन हायड्रोजन-अल्फाच्या लाल प्रकाशात सूर्य दाखवत. नेम धरायला त्यांचाच उपयोग, कारण त्यांचं चित्र थेट आतल्या टीव्हीच्या पडद्यावर यायचं. दोन क्ष-किरण दुर्बिणी होत्या. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले तर परावर्तित न होता त्यातच शिरतात. चपटा दगड पाण्यावर अगदी तिरपा मारला की बुडत नाही, टप्पे खात पुढे जातो. तसंच क्ष-किरणांना आरशाच्या पृष्ठभागाला जेमतेम घासून जाऊ द्यावं लागतं. म्हणून हे आरसे नळकांड्यासारखे. यातली एक दुर्बीण ज्युसेप्पे वायाना यांच्या गटाची होती. मला स्वतःला तिचीच चित्रं सर्वांत प्रिय आहेत.

अतिनील किरणांसाठी तीन उपकरणं. त्यांपैकी हार्वर्डचं उपकरण फिल्मविना, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालायचं आणि मोजमापं रेडिओवरून खाली धाडायचं. पुढचा काळ कुठे निघाला होता हे त्या एका उपकरणात आधीच दिसत होतं. उरलेली दोन अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेची, रिचर्ड टाउझी यांच्या गटाची. त्यांच्या एका कॅमेऱ्याला वर्णपटासाठी लागणारी फटच ठेवली नव्हती. परिणामी प्रत्येक तरंगलांबीत अख्खा सूर्य वेगळा उमटायचा आणि फिल्मच्या एका पट्टीवर सूर्यांची रांग लागायची, काही एकमेकांवर चढलेले. १९ डिसेंबर १९७३ चं ते प्रसिद्ध चित्र याच कॅमेऱ्याचं: हेलियमच्या प्रकाशात सूर्याच्या कडेवरून उसळलेली कमान, ५ लाख ८८ हजार किलोमीटरहून मोठी. तुम्ही ते नक्की पाहिलं असेल, स्कायलॅबचं आहे हे कदाचित माहीत नसेल.

आठवं उपकरण कोरोनाग्राफ, बोल्डरच्या हाय अल्टिट्यूड ऑब्झर्व्हेटरीचं. मूळ कल्पना सोपी: तबकड्यांनी सूर्यबिंब झाकायचं आणि भोवतालचं प्रभामंडल (कोरोना), म्हणजे सूर्याचं बाहेरचं विरळ वातावरण, बघायचं. पण प्रभामंडल बिंबाच्या साधारण दहा लाखांश तेजाचं असतं. जमिनीवरून बघायचं तर निळं आकाशच त्याला गिळून टाकतं. त्याच वर्षी ३० जूनला आफ्रिकेत मोठं खग्रास ग्रहण झालं, शतकातल्या सर्वांत लांब ग्रहणांपैकी एक, तरी खग्रास स्थिती जेमतेम सात मिनिटांची. स्कायलॅबच्या कोरोनाग्राफने तेच प्रभामंडल साडेआठ महिने पाहिलं. सूर्य द्रव्याचे प्रचंड लोट अवकाशात फेकतो, ज्यांना आज सीएमई म्हणतात. ते आधी एका उपग्रहाने पकडले होते, पण ही घटना किती नेहमीची आहे हे कळलं स्कायलॅबमुळे.

सूर्याच्या अभ्यासाच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट मात्र क्ष-किरण चित्रांत दिसणारी प्रभामंडलातली काळी विवरं (कोरोनल होल्स; कृष्णविवरं नव्हेत). त्याची पार्श्वभूमी सांगायला हवी. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या वेधशाळांना, आपल्या अलिबागच्याही, दर सत्तावीस दिवसांनी परतणारी चुंबकीय वादळं दिसत. सूर्य सत्तावीस दिवसांत आपल्याकडे तीच बाजू पुन्हा वळवतो, तेव्हा मूळ सूर्यावरच हे उघड होतं. पण तिथे बघावं तर ना डाग ना ज्वाला. बार्टेल्स या जर्मन शास्त्रज्ञाने त्या अदृश्य जागांना 'एम-प्रदेश' असं नाव देऊन ठेवलं होतं. १९७३ च्या सुमारास, आधी रॉकेटवरच्या क्ष-किरण चित्रांतून आणि मग स्कायलॅबच्या महिनोन्‌महिन्यांच्या मालिकेतून, उलगडा झाला. जिथे चुंबकीय रेषा परत न वळता सरळ अवकाशात जातात तिथलं प्रभामंडल विरळ आणि थंड असतं, म्हणून क्ष-किरणांत काळं दिसतं. तिथूनच वेगवान सौरवारा सुटतो. साध्या प्रकाशात त्या जागी काहीच दिसत नाही, म्हणून चाळीस वर्षं कोडं सुटलं नव्हतं.

परत माणसाकडे. 'फिल्म बदलण्यापुरताच ना?' असं कुणी विचारेल. योजना करताना खरोखर तेवढंच आणि थोडी निवड करण्यापुरतं धरलं असावं, असं मला वाटतं. रोजचा कार्यक्रम खालून टेलिप्रिंटरवर यायचा. पण घडलं वेगळंच.

१४ मे १९७३ ला उड्डाणातच स्थानकाचं संरक्षक आवरण फाटलं. त्याबरोबर एक सौरपंख गेला, दुसरा अडकून बसला. एटीएमचे स्वतःचे चार सौरपंख, पवनचक्कीच्या पात्यांसारखे, तेवढे नीट उघडले. पहिल्या तुकडीतल्या कॉनराड आणि कर्विन यांनी ७ जूनला बाहेर जाऊन अडकलेला पंख सोडवला, तोवर सगळं स्थानक मुख्यतः दुर्बिणींच्या विजेवर तगलं होतं. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि मी ती प्रत्येकाला सांगतो.

त्याच महिन्यात कॉनराड फिल्म आणायला बाहेर गेला तेव्हा त्याने एका बॅटरीच्या नियंत्रकावर हातोडी हाणली, अडकलेला रिले (विजेने चालणारा स्विच) सुटला आणि बॅटरी चालू झाली. कोरोनाग्राफच्या तबकडीवर एक कण बसून चित्रं खराब करत होता, तो त्याने ब्रशने झटकला. नाताळच्या दिवशी शेवटच्या तुकडीतले कार आणि पोग हे अंतराळवीर बाहेर होते. एका क्ष-किरण दुर्बिणीचं गाळणीचाक, म्हणजे वेगवेगळे फिल्टर समोर आणणारं चाक, अडकलं होतं. कारने विजेरी आणि छोटा आरसा घेऊन, आत डोकावत, स्क्रू-ड्रायव्हरने ते सरकवलं. विचार करा, जाड हातमोजे, वजनहीन अवस्था, आणि समोर क्ष-किरणांची नाजूक दुर्बीण.

डोळ्याचं काम सर्वांत सुंदर जमलं ते त्याच तुकडीतल्या एड गिब्सनला. तो स्वतः सौरभौतिकीचा अभ्यासक. सौरज्वाला काही मिनिटांत भडकते, आणि ती सुरू झाल्याचं कळेपर्यंत पहिला क्षण निघून गेलेला असतो. फिल्म मोजकी, त्यामुळे सतत कॅमेरे चालू ठेवणंही शक्य नाही. गिब्सनने एका सक्रिय भागावर पाळत ठेवली, लवकर चालू केलं तर फिल्म वाया जाणार आणि उशीर केला तर ज्वाला निसटणार हे ओळखून. २१ जानेवारी १९७४ ला त्याने एक ज्वाला जन्मापासून टिपली.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो, कारण माणसाची अडचणही होते. आत कुणी भिंतीला पाय लावून झेपावलं की अख्खं स्थानक हलतं. दुर्बिणी मात्र कोनाच्या काही विकलांच्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) आत स्थिर हव्यात. म्हणून स्थानक तोलायला तीन प्रचंड गायरोस्कोप होते, मिनिटाला सुमारे ९,००० फेरे घेणारे, आणि शिवाय दुर्बिणींचं नळकांडं स्वतंत्र झुलत्या चौकटीवर. शेवटच्या तुकडीच्या वेळी तीनपैकी एक गायरो बंद पडला, उरलेल्या दोनांवर निभावलं. शिवाय स्थानकाभोवती तरंगणारे सूक्ष्म कण कोरोनाग्राफला चमकत्या ठिपक्यांसारखे दिसत. आदित्यला यातलं काहीच सोसावं लागत नाही. आज फिल्मची गरज उरलेली नाही, त्यामुळे सौरदुर्बिणीपाशी माणूस बसवणं योग्य होणार नाही, असंच माझं मत आहे. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेली 'सूट' ही आदित्यवरची अतिनील दुर्बीण दूरवरून उत्तम काम करते.

सोव्हिएत बाजूचं एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर १९७४ मध्ये सोडलेल्या साल्युत-४ या अंतराळस्थानकावर ओएसटी-१ ही सौरदुर्बीण होती. तिची नेम धरणारी यंत्रणा बिघडली, आरशावर थेट ऊन पडून तो खराब झाला. गुबारेव आणि ग्रेच्को या अंतराळवीरांनी ३ फेब्रुवारी १९७५ ला अंतराळातच त्या आरशावर नवा लेप चढवला. नेम धरायला त्यांनी स्टेथोस्कोप आणि स्टॉपवॉच वापरलं: आतला आरसा फिरताना होणारा आवाज ऐकायचा, वेळ मोजायची आणि त्यावरून तो कुठे आहे ते ठरवायचं.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने विचारलं आहे की हे सगळं शेवटी कोसळलंच ना. हो, ११ जुलै १९७९ ला, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. मी तेव्हा तिसरीत होतो आणि घरात मोठी माणसं आकाशाकडे बघत असलेली मला आठवतात. ते अपेक्षेपेक्षा लवकर पडलं, कारण सूर्य अंदाजापेक्षा अधिक सक्रिय झाला, त्याने वातावरणाचे वरचे थर फुगवले आणि स्थानकाला घर्षण वाढलं. फिल्म त्याआधीच, १९७४ पर्यंत, तिन्ही तुकड्यांबरोबर सुखरूप खाली आली होती.

वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या सदस्यांसाठी: एटीएमची राखीव प्रत डलेस विमानतळाजवळच्या उडवार-हेझी केंद्रात ठेवली आहे. तिच्या वरच्या तोंडाची झाकणं बघा. प्रत्यक्ष मोहिमेत त्यांतली काही अडकत होती, आणि ती उघडी राहावीत म्हणूनही कुणाला तरी बाहेर जावं लागलं होतं.