घरी केलेली कॉफी कॅफेसारखी का लागत नाही?

कारण तुम्ही ती उकळता. पातेल्यात दूध, साखर, पावडर, वर किसलेलं जायफळ आणि खळखळून उकळी, अशीच होते आपल्याकडे. मला ती आवडते, तिला नाकं मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. पण कापुचिनोशी तिचं काही नातं नाही.

लिहायला बसले कारण आमच्याकडे यावरून रामायण झालंय. थोरल्या दिरांनी एस्प्रेसो मशीन आणलं, म्हणजे दाबाने गरम पाणी पुडीतून ढकलून दाट कॉफी काढणारं. खोक्यावर ठळक '15 बार'. येईल त्याला भाऊजी ते वाचून दाखवायचे. बार म्हणजे दाबाचं माप; एस्प्रेसोला 9 बार पुरतात, 15 हा नुसता पंपाचा आकडा, असं मी म्हटलं तर "तुला काय कळतंय त्यातलं!" लग्नाआधी मी पुण्यात एका कॅफेच्या काउंटरमागे उभी असायचे, हे सासरी कोणाच्या लक्षात राहत नाही. तिथे डबल शॉटला, म्हणजे दुप्पट एस्प्रेसोला, 18 ग्रॅम पूड, 25 ते 30 सेकंदांत दुप्पट वजनाची कॉफी उतरली पाहिजे, नाहीतर सरळ सिंकमध्ये. कप सुटेपर्यंत मॅनेजर डोक्यावर.

आणि भाऊजी त्या मशीनमध्ये घालायचे काय, तर कधीतरी फोडलेल्या पाकिटातली चिकोरीवाली पूड. दळल्यावर कॉफीचा वास भराभर उडतो, मग दाब कितीही द्या. वर सायीसकट उकळलेलं दूध. कॅफेत दूध वाफेवर 60-65 अंशांपर्यंतच नेतात, तेवढ्यात ते गोड लागतं. 70 च्या पुढे गेलं की शिजल्याचा वास मारतो. पिशवीतलं दूध पाश्चराइज्डच, म्हणजे जंतू मारायला आधीच तापवलेलं असतं, पण हे आमच्या घरात बोलायची सोय नाही.

कॉफी कडूजहर झाली की दोष म्हशीच्या दुधाचा, मग पाण्याचा, मग कंपनीचा. मेकॅनिकही येऊन गेला. एका रविवारी मी माटुंग्याहून समोर दळून घेतलेली पीबेरी (एका फळात एकच गोल बी असते ती कॉफी) आणली आणि साध्या स्टीलच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन लावलं. सासूबाईंनी दुसरा कप मागितला. भाऊजी म्हणाले, "हो, पण ही मद्रासी झाली."

तेव्हा मशीन घेऊ नका. आधी हाताचा बर ग्राइंडर घ्या, म्हणजे पात्याऐवजी दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया एकसारख्या दळणारा, बिया थोड्या थोड्या आणा, रोस्टची तारीख बघून. मिक्सरमध्ये दळू नका, अर्धी पूड मैदा होते आणि अर्धी रवा.

आता हेही खरं की फिल्टरला एस्प्रेसोसारखी क्रेमा, म्हणजे वरचा तो सोनेरी फेस, येत नाही, तिला दाब लागतोच. आणि तुम्ही इन्स्टंट पीत असाल तर यातलं दुधाचं तेवढं घ्या. ती कारखान्यातच गाळून वाळवलेली असते, तिथे ग्राइंडर काय करणार?

मशीन सध्या माळ्यावर आहे. विकायचं म्हटलं की भाऊजी अजून पूर्ण किंमत सांगतात.