सारख्या पगारात एकाची शिल्लक पडते, दुसरा कर्जात जातो. मग दोष विषमतेला का द्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पगार सारखाच असून एक जण पैसा साठवतो आणि दुसरा कर्जात बुडतो, तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरले तर विषमतेची ओरड करायची गरजच काय?

प्रश्नात एक खोच आहे. तुम्ही तुलना सारख्या पगाराच्या दोघांची केलीत. विषमतेबद्दल बोलणारे लोक मात्र अंथरुणांच्या लांबीबद्दल बोलत असतात. वाद तासन्‌तास चालतो तो यामुळेच.

तुमच्या तुलनेपुरतं बोलायचं तर तुमचं बरंचसं बरोबर आहे. स्टीव्हन व्हेंटी आणि डेव्हिड वाइझ या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या निवृत्तीला टेकलेल्या कुटुंबांची आकडेवारी तपासली होती. आयुष्यभराची कमाई साधारण सारखी असलेल्या कुटुंबांतही संपत्तीत प्रचंड तफावत निघाली. आजारपण, वारसा असल्या नशिबाच्या गोष्टी हिशोबात धरल्या तरी ती फारशी कमी झाली नाही. त्यामुळे ‘व्यवस्थाच अशी आहे, हिशोब ठेवून काय होणार’ हे मला पटत नाही.

आता पगार वेगळे घेऊ. ‘अ’चं वर्षाचं उत्पन्न १००, त्यातला टाळता न येणारा खर्च ९०. ‘ब’चं उत्पन्न ४००, टाळता न येणारा खर्च २००. दोघांची शिस्त तंतोतंत सारखी धरू: हाती उरेल त्यातलं बरोबर निम्मं बाजूला. ‘अ’ वर्षाला ५ टाकतो, ‘ब’ १००. महागाई वजा जाता दरसाल ४ टक्के परतावा मिळाला, तर २० वर्षांनी ‘अ’कडे सुमारे १४९ जमतात आणि ‘ब’कडे सुमारे २,९७८. उत्पन्नातला फरक चौपट, संपत्तीतला वीसपट, आणि उधळपट्टी कोणीच केलेली नाही. यात ‘क’ आणून बसवा, ज्याला वारशात १,००० मिळाले. त्याने पुढे एक छदामही टाकला नाही, फक्त मूळ रकमेला हात लावला नाही, तरी २० वर्षांनी त्याचे २,१९१ होतात. तिथवर पोचायला ‘अ’ने दरवर्षी जवळपास ७४ टाकायला हवेत. त्याच्या हाती उरतात १०.

जगभरचे आकडेही याच दिशेने बोलतात. २०२२च्या जागतिक विषमता अहवालानुसार खालच्या निम्म्या लोकांना जगाच्या उत्पन्नातला सुमारे ८.५ टक्के वाटा मिळतो. संपत्तीत त्यांचा वाटा उरतो २ टक्के. वरच्या १० टक्क्यांकडे उत्पन्न ५२ टक्के, तर संपत्ती ७६ टक्के.

म्हणून कुणाला बेशिस्त म्हणण्याआधी मी एकच आकडा विचारतो: महिन्याला हलवता येण्यासारखा पैसा किती? भाडं, चालू हप्ते, रोजचं जेवण, औषधं, कामावर जाण्यायेण्याचा खर्च आणि मुलांची फी वजा करून जे उरतं, ते. माणसाची पारख त्या रकमेचं तो काय करतो यावरून करावी. हा आकडा काढताना नेहमी होणारी चूक म्हणजे वर्षातून एकदा येणारे खर्च विसरणं. विम्याचा हप्ता, शाळेची फी, वाहनाची दुरुस्ती यांची वर्षाची बेरीज करून १२ने भागा आणि ती रक्कम दरमहा वेगळी ठेवा. ‘अचानक खर्च आला’ असं ज्याला म्हणतात, त्यातलं बरंच काही कॅलेंडरवर आधीपासून लिहिलेलं असतं. उत्पन्न कमीजास्त होत असेल तर सरासरी धरू नका. गेल्या १२ महिन्यांतला सर्वांत वाईट महिना पाया धरा, नाहीतर चांगल्या महिन्यात वाढवलेला खर्च वाईट महिन्यात उसनवारीने भागवावा लागतो.

शिस्तीचं वजन कुठे पडतं ते क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत सर्वांत स्पष्ट दिसतं. थकबाकी १००, व्याज महिना ३ टक्के (चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीसच्या पुढे), आणि बिलावर ‘किमान रक्कम’ थकबाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात व्याज धरून १०३ होतात, तुम्ही ५.१५ भरता. पुढच्या महिन्यात थकबाकी किंचित घटते, म्हणून किमान रक्कमही घटते, आणि तुम्ही तेवढीच भरता. असं चालू ठेवलं तर थकबाकी निम्मी व्हायलाच जवळपास ३२ महिने लागतात. तोवर खिशातून सुमारे १२० गेलेले असतात: ५० मुद्दलात, ७० व्याजात. आता तोच माणूस, तोच पहिला हप्ता, पण किमान रकमेकडे न बघता दर महिन्याला ५.१५च भरत राहिला आणि कार्डावर नवा खर्च केला नाही. त्याचं पूर्ण कर्ज तिसाव्या महिन्यात संपतं, एकूण १५२ भरून. पहिल्या महिन्याचा भार दोघांवर सारखाच. फरक एवढाच की दुसऱ्याने हप्ता खाली घसरू दिला नाही.

मात्र तो हप्ता ३० महिने टिकवायचा तर मधल्या काळात दाताचं दुखणं किंवा आठवडाभराची बुडालेली मजुरी झेलण्याइतका पैसा बाजूला हवा. नसला तर तो खर्च त्याच कार्डावर, त्याच ३ टक्क्यांनी चढतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी एका महिन्याच्या अटळ खर्चाइतका राखीव पैसा, मग सर्वांत महाग व्याजाचं कर्ज, ते संपलं की राखीव पैसा तीन ते सहा महिन्यांपर्यंत, आणि लांबची गुंतवणूक त्यानंतर. ४ टक्के मिळवायला पैसा गुंतवून बेचाळीस टक्क्यांचं कर्ज पोसणं ही शिकलेल्या लोकांतही सर्रास दिसणारी चूक आहे.

‘लोकांना धीरच नसतो’ हा आरोपही तपासून घ्यायला हवा. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक लहानसा प्रयोग आहे, २८ मुलांवरचा. मोठ्या माणसाने मुलांना चित्रासाठी आणखी चांगलं सामान आणून देण्याचं कबूल केलं. काहींना ते आणून दिलं, काहींना ‘नाहीये, चुकलंच’ म्हणून सांगितलं. मग धीराची परीक्षा: समोरची एक मिठाई आत्ता खा, किंवा थांबलास तर दोन मिळतील. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली ३ मिनिटं. ज्याचं आश्वासन मोडतं त्याच्याजवळ थांबण्यात काय शहाणपण? ज्याचा पगार वेळेवर होईल याची खात्री नाही, ज्याचे साठवलेले पैसे नातेवाईक उसने नेतात आणि परत देत नाहीत, त्याने आजच खर्च केला तर तो हिशोब अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

अर्थसाक्षरतेचे वर्ग हा शिस्तीला दोष देणारे आणि विषमतेला दोष देणारे अशा दोन्ही बाजूंना आवडणारा उपाय. एका मोठ्या आढाव्यात मात्र त्याचा परिणाम निराश करणारा निघाला. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर यांनी २०१४ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा लोकांच्या आर्थिक वागण्यातल्या फरकाचा फक्त ०.१ टक्का भाग अशा शिक्षणाने उलगडला. उलट रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी एका कंपनीत राबवलेली योजना पाहा. कामगारांनी आजचा पगार कापून द्यायचा नव्हता. पुढची प्रत्येक पगारवाढ झाली की तिचा काही भाग आपोआप बचतीत जाईल, एवढंच आधी कबूल करायचं. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. माणसं तीच होती. निर्णय दर महिन्याऐवजी एकदाच घ्यावा लागला, आणि घरात आलेला पैसा कमी होताना दिसला नाही. हे तुम्ही स्वतःपुरतंही करू शकता: पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला द्या, आणि पगार वाढला की वाढीचा निम्मा भाग त्याच सूचनेत घाला.

हलवता येण्यासारखा पैसा शून्य किंवा उणा निघाला, तर मात्र वरचं काहीही लागू पडत नाही. तिथे चहा-सिगारेट मोजत बसू नका. राहण्याचा खर्च, जाण्यायेण्याचा खर्च आणि कर्जाचे हप्ते या तीन मोठ्या रकमांपैकी एखादी हलते का ते पाहा. हप्ता चुकण्याआधीच कर्ज देणाऱ्याशी मुदत वाढवण्याबद्दल बोला, चुकल्यावर बोलणी कठीण होतात. यातलं काही हललं नाही तर उरतं उत्पन्न वाढवणं किंवा बाहेरची मदत. अशा माणसाला काटकसरीवर व्याख्यान देणं मला क्रूरपणाचं वाटतं.

एवढं सगळं मान्य करूनही दोन माणसांत मतभेद उरेल, तो ‘क’च्या १,०००वरून. आईबापांनी कमावलेलं मुलांना देण्याचा हक्क मोठा मानायचा, की मुलांची सुरुवात सारखी व्हावी हे? यावर हिशोबाची वही काही सांगत नाही. माझा कल मोठ्या वारशावर कर असावा या बाजूला आहे. पण समोरचा वेगळं म्हणाला, तर त्याचं गणित चुकलंय असं मी म्हणणार नाही.