मिसिंग मारणारा ट्रक: इंजिन खोलावे की नवी गाडी घ्यावी?

नागपूरच्या वाडी भागातील एका वाचकाचा प्रश्न: माझ्याकडे २०१८ चा दहाचाकी ट्रक आहे (बीएस-४, सहा सिलिंडर, कॉमन रेल, आरसीवर २५ टन). बुटीबोरीहून माल भरतो, महिन्याला ६,००० किलोमीटर चालतो. कर्ज गेल्या वर्षी फिटले. सर्व खर्च जाऊन महिन्याला ४५,००० रुपये उरत. तीन आठवड्यांपासून इंजिन मिसिंग मारते, सकाळी पांढरा धूर येतो, अ‍ॅव्हरेज ४ वरून ३.३ वर आले. ऑइल आणि कूलंट मात्र मध्ये टाकावे लागत नाही. गॅरेजवाले पूर्ण इंजिनाच्या कामाचे २.६० लाख सांगतात. डीलर हा ट्रक ७ लाखांत घेऊन ३८ लाखांचा नवा देतो. ३ लाख रोख, २८ लाख कर्ज, १० टक्के, ५ वर्षे. घसाऱ्यामुळे करही वाचेल म्हणतो. माझी ६ लाखांची एफडी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी आहे, ती दोन वर्षांनी लागेल. काय करावे?

उत्तर: आपल्यासमोर ठेवलेले दोन्ही प्रस्ताव इंजिन संपले आहे असे गृहीत धरतात, आणि ते संपल्याचा एकही पुरावा आपल्या पत्रात नाही. उलट त्यातले एक वाक्य दुसरीकडेच बोट दाखवते. रिंग आणि लायनर (पिस्टनवरच्या कड्या आणि सिलिंडरचे आतले अस्तर) झिजले असते तर ऑइल जळून निळसर धूर आला असता आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल टाकावे लागले असते. हेड गॅस्केट गेले असते तर बहुधा कूलंट घटले असते. आपल्याकडे यांपैकी काहीच होत नाही.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते, त्यामुळे एखाद्या सिलिंडरला डिझेल नीट फवारून मिळाले नाही किंवा पुरेसे कॉम्प्रेशन मिळाले नाही की तो सिलिंडर मिस करतो आणि न जळलेले डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. याची कारणे अगदी स्वस्त ते अगदी महाग अशी पसरलेली आहेत: चोक झालेला डिझेल फिल्टर, वॉटर सेपरेटरमध्ये साचलेले पाणी, सक्शन लाईनमध्ये धरलेली हवा, बिघडलेले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), डिझेल फवारणारा इंजेक्टर खराब होणे, आणि सर्वांत शेवटी झिजलेले इंजिन. तपासणीही याच क्रमाने व्हावी. फिल्टर आणि लाईन पाहून झाल्यावर स्कॅनर लावून कोणता सिलिंडर कमी ताकद देतो ते पाहावे, इंजेक्टरची रिटर्न लीक (न फवारता परत जाणारे डिझेल) मोजावी, आणि मग कॉम्प्रेशन टेस्ट करावी. इंजेक्टरच्या पाइपाचा नट चालू इंजिनावर सैल करून मिस शोधण्याची जुनी पद्धत आपल्या गाडीवर कोणालाही करू देऊ नये. कॉमन रेलमधला, म्हणजे सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, दाब हजार बारच्याही वर जातो आणि तो फवारा कातडी भेदून आत शिरतो.

या तपासणीसाठी, शक्यतो इंजिनाचे काम न मिळणाऱ्या स्वतंत्र पंप-नोझल वर्कशॉपला (जिथे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त होतात), काही हजार रुपये मोजावेत आणि अहवाल लेखी घ्यावा. माझ्या मते या संपूर्ण व्यवहारातला हाच सर्वांत फायद्याचा खर्च आहे. एखाद-दुसरा इंजेक्टर दुरुस्त करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च २.६० लाखांच्या जवळपासही जात नाही.

मात्र हे याच आठवड्यात करा. ६,००० किलोमीटरला ४ च्या अ‍ॅव्हरेजने १,५०० लिटर डिझेल लागते, ३.३ ने सुमारे १,८१८ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी हा फरक महिन्याला साधारण २८,६०० रुपयांचा होतो, म्हणजे आपले ४५,००० आज प्रत्यक्षात १६-१७ हजारांवर आले आहेत. शिवाय न जळलेले डिझेल लायनरवरचे ऑइल धुऊन काढते आणि खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते, त्यामुळे आज नोझलवर भागणारे काम उद्या खरोखरच इंजिनावर जाऊ शकते.

आता नव्या गाडीकडे पाहू. २८ लाखांचा हप्ता सुमारे ५९,५०० रुपये बसतो आणि पाच वर्षांत व्याजच ७.७ लाखांच्या आसपास जाते. नव्या ट्रकने ४.५ चे अ‍ॅव्हरेज दिले असे मानले, तर डिझेलमध्ये महिन्याला १५,००० वाचतील आणि हाती ६०,००० येतील. त्यातून हप्ता गेला की घरात काय येणार? वाढलेला विम्याचा प्रीमियम तर मी धरलेलाच नाही. एखाद्या कंपनीशी नव्या गाडीच्या अटीवर वाढीव भाड्याचा लेखी करार झाला असेल तरच या प्रस्तावाचा पुन्हा विचार करता येईल. जुन्या ट्रकचे ७ लाखही तपासून घ्यावेत, कारण मिसिंग मारणाऱ्या गाडीचा भाव सांगताना घेणारा पूर्ण इंजिनाचा खर्च आधीच वजा करत असतो. दोष इंजेक्टरचा निघाला, तर न झालेल्या कामाचे पैसे आपल्याच खिशातून जातील.

घसाऱ्याचा मुद्दा आपल्याला बहुधा लागूच नाही. एकदोन ट्रक असलेले बहुतेक मालक अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे ज्याला सगळे ४४एई म्हणून ओळखतात त्यात, विवरण भरतात. त्यात जड वाहनाचे उत्पन्न टनामागे महिन्याला १,००० रुपये धरले जाते. आपल्या २५ टनांचे वर्षाला ३ लाख होतात. घसारा, व्याज, दुरुस्ती हे सर्व त्यातच आले असे मानतात, वेगळी वजावट मिळत नाही. आपण हिशेबाच्या वह्या ठेवून विवरण भरत असाल तर गोष्ट वेगळी. सीएला विचारून घ्या. विम्याकडूनही आशा ठेवू नये, झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीत बसत नाहीत.

कॉम्प्रेशन खरोखर कमी निघाले, तर मात्र २.६० लाख खर्च करावेत. इंजिन तीन वर्षे जरी टिकले तरी तो खर्च महिन्याला ७,२०० रुपये पडतो. एफडी मोडू नये. तिच्यावर कर्ज घ्यावे, जे साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के महाग असते, आणि महिन्याला २२-२३ हजार भरून वर्षभरात फेडावे. मुलीच्या प्रवेशाला तेव्हाही वर्ष उरलेले असेल. काम देताना कोणते पार्ट कोणत्या कंपनीचे लागणार, वॉरंटी किती महिन्यांची, हे बिलावर लिहून घ्या आणि काढलेले जुने पार्ट परत मागा.

आठ वर्षे झालेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावे लागते, तेव्हा दोष कोणताही निघो, दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यापासून ८,००० रुपये गाडीच्या नावाने वेगळ्या आरडीत टाकायला सुरुवात करावी.